डोंगराची सरासरी

रोपं माझ्या बहिणीने मारली, असं तुम्ही लिहून दिलंत, साहेब. ‘पाणी देण्यात व देखभालीत हलगर्जी.’ बस, एवढंच. खाली सही आणि सहीवर शिक्का. जी बाई तो डोंगर खालून वर आणि वरून खाली तुडवत होती तिच्यावर हलगर्जीचा ठपका, आणि तो ठेवणारा माणूस खुर्चीतून उठून कधी खिडकीपर्यंतही गेला नाही. तुमच्या खिडकीतून डोंगर दिसतो, साहेब. पडदा तरी सरकवायचा.

मी गॅरेजवाला माणूस. मला सरकारी भाषा जमत नाही आणि ती शिकायची हौसही नाही. झालं ते झालं तसं सांगतो. कुठे खोटं वाटलं तर मला बोलवून घ्या, तोंडावर सांगेन.

ताई तुमच्या खात्याच्या रोपवाटिकेची प्रमुख. प्रमुख म्हणजे नावाला. दरवर्षी करार नवा करायचा आणि दरवर्षी तुमच्या दारात उभं राहायचं. तिचं शिक्षण मातीतल्या जिवांचं. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचा अभ्यास करून पदवी घेतली आणि नशिबी आलं दिसूनही न बघणारं खातं.

वणव्यात डोंगराचा वरचा उतार जळाला तेव्हा तुम्ही हुकूम काढलात, झाडं लावा. ताईच्या वाटिकेत सुईसारख्या पानांच्या झाडांची रोपं वाढवली होती. चांगली गुडघ्याएवढी, हिरवीगार. पायथ्यापासून थेट वरच्या जळक्या पट्ट्यापर्यंत लावली. रोपं तीच, टँकर तोच, पाणी घालणारी माणसंही तीच. पायथ्याची तरारली. मधली रडतखडत जगली. वरची पिवळी पडली, मग तांबडी, मग काडी. तुम्ही म्हणालात, पुन्हा लावा. पुन्हा लावली. पुन्हा तेच झालं. खालची मस्त, मधली कशीबशी, वरची साफ.

आता मला सांगा, हलगर्जी पायऱ्या चढून जाते का? पाणी देणारी मावशी खाली मन लावून पाणी देते, मध्ये कंटाळते आणि वर गेली की झोपते, असं आहे का? हेच मी ताईला विचारलं, तर ती माझ्यावरच खेकसली, “मला काय विचारतोस? मला माहीत आहे. त्यांना विचार.”

म्हणून तुम्हाला विचारतोय.

एका संध्याकाळी जेवताना तिने आम्हाला तिचा अंदाज समजावून सांगितला. आई ताट घेऊन बसली होती, मी दुसऱ्यांदा भात घेत होतो.

“चिमूटभर मातीत एका शहराएवढी वस्ती असते,” ताई म्हणाली. “पण डोंगरावर सगळीकडे तीच वस्ती नसते. खाली ऊब असते, पालापाचोळा पटपट कुजतो, तिथे बॅक्टेरियांची चलती. जसजसं वर जावं तसतशी थंडी वाढते, माती आंबट होते, कुजायला वेळ लागतो. मग खालच्या जमाती एकेक करून मागे राहतात. वर दुसऱ्याच जमाती. आणि बुरशीचा जोर.”

“बुरशी म्हणजे वाईटच ना?” आई म्हणाली.

“सगळी नाही गं. या झाडांच्या मुळांना एक बुरशी लागते. मुळांवर मोज्यासारखी चढून बसते. लांबलांबून पाणी आणते, खनिजं आणते आणि बदल्यात झाडाकडून साखर खाते.”

“म्हणजे घरजावई.”

“घरजावई काय? हा कमावून आणतो.”

“मग चांगलाय की. तुझ्या भावाला सांग.”

माझ्यावर आलं म्हणून मी गप्प भात खाल्ला. पण मुद्दा कळला. वणव्यात वरची बुरशी जळून गेली असणार. आपली रोपं वाढली खालच्या मातीत, म्हणजे त्यांच्या मुळांवर सोबती खालचे, उबेतले. त्यांना वर नेलं की थंडीने ते सोबती गळाठतात आणि वरचे सोबती तर जळालेले. रोप एकटं पडतं आणि मरतं. टँकर ओता नाहीतर नदी वळवून आणा, पाणी ओढून घेणारंच कोणी नसेल तर काय उपयोग.

“हे नक्की का?” मी विचारलं.

“नक्की नाही. माझा अंदाज चुकीचाही असेल. वेगवेगळ्या उंचीवरची माती वेगवेगळी तपासली तर कळेल. कुठपर्यंत कोणती वस्ती आहे आणि जळक्या पट्ट्यात काय उरलंय, एवढं बघायचंय. मग रोपं वाढवतानाच पिशवीत त्या-त्या उंचीची माती घालता येईल.”

एवढंच तिचं मागणं होतं, साहेब. माती तपासा. त्यासाठी ती तुमच्या केबिनबाहेरच्या बाकावर इतक्या वेळा बसली, की शिपाई तिला विचारायचा, “मॅडम, आज सकाळचं बसणं की दुपारचं?”

शेवटी तुम्ही परवानगी दिलीत, पण कशी? आधी चौकशी लावलीत. रोपं का मेली याची चौकशी. निकाल लागेपर्यंत ताईचा करार अडकवलात. वर म्हणालात, “नमुने आणा, आपल्याच प्रयोगशाळेत तपासू. मातीचा अहवाल येईल त्यावर चौकशीचा निकाल.” म्हणजे मातीने साक्ष दिली तर ताई सुटली आणि नाही दिली तर ताई घरी. करार गेलाच आणि रोपं मारणारी बाई म्हणून नाव झालं की दुसरं कोणतं खातं तिला दारात उभं करणार?

ताई मात्र खूश होऊन घरी आली. “येऊ दे अहवाल. मीही तेच म्हणतेय.”

मी तेव्हाच म्हणालो होतो, “ताई, अहवाल कोण करणार?”

“प्रयोगशाळेतले काका. शिस्तीचा माणूस आहे. हात धुतल्याशिवाय मातीला शिवत नाही.”

हे खरं निघालं. दुर्दैवाने.

गॅरेज बंद ठेवून मी ताईबरोबर डोंगरावर गेलो. पाच ठिकाणं ठरली होती. पायथा, त्याच्यावर दाट झाडीचा पट्टा, मग विरळ झाडीचा, मग जळका उतार, आणि अगदी वर झाडं संपतात तिथलं खुरटं गवत. प्रत्येक ठिकाणी वरचा पाला बाजूला करायचा, छोट्या खुरप्याने माती काढायची, पिशवीत घालायची, पिशवीवर उंची लिहायची आणि पिशवी बर्फाच्या डब्यात. सोपं वाटतं ना? ताईबरोबर कधी जाऊन बघा.

“खुरपं पुसलंस?”

“पुसलं.”

“कशाने?”

“पँटला.”

“ढोल्या, तुझ्या पँटवर अख्खं गॅरेज आहे! स्पिरिटने पूस आणि स्पिरिटच्या दिव्यावर भाज.”

“अगं मातीच काढायची आहे ना? मातीत काय घाण होणार?”

“खालची माती वरच्या मातीत. तीच घाण. खालचे जीव खुरप्याला चिकटून वर आले तर मी काय तपासू? तुझा आळस?”

प्रत्येक मुक्कामी खुरपं पुसा, भाजा, गार करा. हातमोजे बदला. बुटांचे तळवे ब्रशने घासा. माझा श्वास फुलला होता, मी दगडावर टेकायला गेलो तर म्हणे, “तिथे नको, तिथूनच नमुना घ्यायचाय.” मी म्हणालो, “मग मी हवेत बसू?” ती म्हणाली, “बसून दाखव, त्याचाही अहवाल करू.”

जळक्या उतारावर मात्र तिची थट्टा बंद झाली. मागच्या खेपेची मेलेली रोपं रांगेत उभी होती. तिने एक उपटलं, उलटं धरलं आणि मुळं माझ्यापुढे केली. “बघ. काही दिसतं?”

“काही नाही. नुसती मुळं.”

“हेच. या वयाच्या रोपाच्या मुळांची टोकं बुरशी चढून जाड, गुबगुबीत दिसायला हवीत. ही बघ, नागडी.” तिने ते रोप पुन्हा खळग्यात ठेवलं आणि माती दाबली. मेलेल्या रोपाला माती दाबून काय मिळणार होतं कोण जाणे. तिथे माती काढताना तिचा हात फार हळू चालत होता.

उतरेपर्यंत संध्याकाळ झाली, प्रयोगशाळा बंद. बर्फ वितळायला लागलं होतं. म्हणून पाचही पिशव्या आमच्या घरच्या फ्रीजमध्ये गेल्या. सकाळी आईने फ्रीज उघडला आणि घर डोक्यावर घेतलं.

“दुधाशेजारी माती? अगं ए शिकलेले!”

“हलवू नकोस आई, ती माझी नोकरी आहे.”

“तुझी नोकरी आहे तर तुझ्या खोलीत ठेव, माझ्या दुधात कशाला?”

तरीही साहेब, आईने दूध बाहेर काढलं. माती तशीच राहू दिली. जिला बुरशी म्हटलं की नाक मुरडायचं एवढंच ठाऊक, तिला कळलं, की पाच पिशव्या म्हणजे पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या हलवायच्या नसतात. सांगितलं आणि तिने ऐकलं, बाकी काही नाही. तुमच्या खात्यालाही सांगितलं होतं. प्रत्येक पिशवीवर ठसठशीत अक्षरांत उंची लिहिली होती.

प्रयोगशाळेतल्या काकांनी पिशव्या घेतल्या. पोच दिली. ताईने परत एकदा बजावलं, “काका, उंचीप्रमाणे बघायचंय हं.” काका म्हणाले, “काळजी करू नका मॅडम, अगदी पद्धतशीर करतो.” मी साक्षीदार आहे. ‘पद्धतशीर’ हाच शब्द होता.

मग सुनावणी. त्या दिवशी तुम्ही टेबलाच्या पलीकडे, तुमच्या उजव्या हाताला प्रयोगशाळेचे काका, अलीकडे ताई, आणि दाराजवळच्या खुर्चीवर मी. मला आत घ्यायला तुम्ही तयार नव्हता. ताई म्हणाली, नमुने काढताना हा हजर होता. तुम्ही म्हणालात, बसू द्या, पण बोलायचं नाही. मी बराच वेळ बोललो नाही, हे मान्य करा.

तुम्ही अहवाल वाचलात. मातीत सूक्ष्मजीव भरपूर. जैविक दर्जा उत्तम. झाडांच्या वाढीस योग्य.

ताई म्हणाली, “कोणत्या उंचीची?”

तुम्ही पान उलटलंत. मागे कोरं होतं. “डोंगराची,” तुम्ही म्हणालात.

“सर, पाच नमुने होते.”

“अहवाल एकच आहे.”

“म्हणून तर विचारतेय.”

तेव्हा काका पुढे सरसावले. आनंदाने सरसावले, हे मी मुद्दाम लिहितोय, कारण त्या माणसाच्या मनात काडीचं पाप नव्हतं. “मॅडम, मी स्वतः केलंय. पिशव्या पूर्ण रिकाम्या केल्या, स्वच्छ कागदावर. हातमोजे घालून. सगळी माती एकजीव कालवली. मग ढीग केला, चार भाग केले, समोरासमोरचे दोन काढून टाकले, उरलेले परत कालवले, परत चार भाग. अर्धा किलो उरेपर्यंत. पुस्तकात दिलंय तसं, तंतोतंत.”



ज्याला शेतीची थोडी माहिती आहे त्याला कळेल काय झालं. वावरातली माती तपासायला देतात तेव्हा असंच करतात. इथली ओंजळ, तिथली ओंजळ, कालवायची, चार भाग करायचे, निम्मी टाकायची. एका वावराचा एक नमुना. बरोबर पद्धत आहे. काकांनी जन्मभर वावरंच तपासली. आमची पाच उंचींची माती त्यांना एकाच वावराचे पाच कोपरे वाटली. पिशवीवर उंची लिहिलेली वाचली नाही असं नाही. वाचली, आणि कालवली.

ताईचा आवाज अगदी खाली गेला. ती ओरडते तेव्हा घाबरायचं काही नसतं. “काका, खालच्या मातीत बॅक्टेरिया प्रचंड असतात. वरच्यात काय आहे आणि काय नाही, तेच तर शोधायचं होतं. सगळं एकात घातल्यावर खालच्यांनी वरच्यांना गिळलं असणार. आता त्यात कोण कुठलं, देवालाही सांगता येणार नाही.”

“पण आकडा चांगला आलाय मॅडम,” काका म्हणाले.

“खालचाच आलाय. पायथ्याला झाडं मस्तच आहेत. त्याबद्दल कोणाची तक्रारच नव्हती.”

“काढून टाकलेली माती कुठाय?” हे मी विचारलं. मी बोलायचं नव्हतं, पण विचारलं.

काका म्हणाले, “ती फेकली नाही. चांगली माती होती. बाहेरच्या कुंड्यांत घातली.”

मी येताना त्या कुंड्या पाहिल्या होत्या, साहेब. तुमच्या कचेरीच्या दाराशी, दोन्ही बाजूंना, लाल फुलांच्या. आम्ही खुरपं भाजभाजून, बूट घासघासून, मला दगडावर टेकू न देता आणलेली माती तुमच्या शोभेच्या फुलांना मिळाली. फुलं चांगली आली असतील. दर्जा उत्तमच होता.

मग माझा तोल गेला, आणि तोल गेला असं तुम्ही इतिवृत्तातही लिहिलंत म्हणे. लिहा. मी काय म्हणालो तेही लिहा. मी म्हणालो, “पाच पेशंटचं रक्त एका बाटलीत ओतून तपासलंत आणि म्हणताय सगळे ठणठणीत. त्यातला एक मेलाय, साहेब!”

ताईने मागे न बघता हात केला. मी गप्प झालो.

काकांचा चेहरा मात्र उतरला. त्यांना कळलं. ते म्हणाले, “सर, परत नमुने घेतले तर मी वेगवेगळे करून देतो. माझ्याकडून झालंय. जास्त वेळ नाही लागायचा.”

प्रामाणिक माणूस. चूक त्यांची होती आणि त्यांनी ती तिथल्या तिथे अंगावर घेतली. प्रकरण तिथेच मिटत होतं, साहेब. परत डोंगरावर जायला आम्ही तयार होतो, परत तपासायला काका तयार होते. तुम्ही फक्त मान हलवायची होती.

तुम्ही म्हणालात, “लागवडीचा हंगाम तोंडावर आहे. मी वर कळवून बसलोय की चौकशी पूर्ण झाली.”

“सर, रोपं खालच्याच मातीत वाढलीत. वर नेली की परत मरतील.”

“अहवाल तसं म्हणत नाही.”

“अहवाल कालवलेल्या मातीचा आहे.”

“मॅडम, डोंगर एकच आहे ना? शेवटी सरासरी महत्त्वाची.”

हे वाक्य मी घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, “मग त्यांना म्हणावं, एक पाय बर्फात ठेवा, एक चुलीत. सरासरी छान आहे, बसा.” पण आई तुमच्या सुनावणीला नव्हती. तुम्ही निकाल सांगितलात. माती चांगली, टँकर पोचलेला, मग दोष उरतो तो पाणी घालण्याचा आणि देखभालीचा. देखभाल कोणाची? ताईची. करार नवा होणार नाही. काकांनी काही म्हणायला तोंड उघडलं, तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंत, त्यांनी मिटलं. त्यांची पेन्शन जवळ आली आहे. त्यांचा मला राग नाही.

कागद ताईपुढे सरकवलात. इथे सही करा, निकाल समजला म्हणून.

“मला समजला नाही,” ताई म्हणाली.

“समजायचं नाहीये, फक्त सही करायची आहे.”

“सर, मी एकच विचारते. अहवालात चांगली म्हटलेली माती डोंगरावर कोणत्या उंचीला आहे? मला ती जागा दाखवा. मी तिथे रोपं लावते. तिथे मेली तर मी मारली असं लिहून देते, आत्ता.”

तुम्ही घड्याळ पाहिलंत. मग फोन घेतलात. फोन वाजलाही नव्हता, साहेब.

ताईने सही केली नाही. पिशवी उचलली आणि बाहेर आली. मी तिच्या मागे. बाहेर वाटिकेच्या गाड्या उभ्या होत्या. रोपं भरणं चालू होतं आणि मावशी एकेक रोप असं उचलून देत होती, जसं काही तान्हं मूल हातात देतेय. ताई थांबली. एका रोपाची पिशवी तिने बोटाने चाचपली, आतली माती दाबून बघितली. खालचीच माती. मावशी म्हणाली, “ताई, तू येणार ना वर?” ताई म्हणाली, “नाही गं. तू पाणी नीट घाल.” आणि मग मला म्हणाली, “तरी म्हणतील, घातलं नाही.”

गाड्या गेल्या. रोपं वर लागली. आत्ता हिरवी आहेत. तुम्ही फोटो काढून वरच्या साहेबांकडे पाठवलेत म्हणे. आत्ता हिरवीच असतात, दोन्ही खेपांना आधी हिरवीच होती.

ताई घरी असते. कामासाठी दोन ठिकाणी गेली. दोन्हीकडे आधी तुमच्या निकालाबद्दल विचारलं आणि मग म्हणाले, कळवतो. आई मला म्हणते, तिच्याशी थट्टा कर, तिला हसव. मी करतो. ती हसत नाही. मातीचा विषय काढला की मात्र बोलते, आणि मग मध्येच थांबते.

तिच्यासाठी मी तुमच्याकडे दया मागायला आलेलो नाही. ती चुकीची असेल, बुरशीचा अंदाज खोटा निघेल, मान्य आहे. तीही तसंच म्हणते. पण खोटा निघायलाही आधी बघावं लागतं. तुम्ही बघितलंच नाहीत, आणि न बघता एका माणसाच्या नावावर मेलेली रोपं लिहून टाकलीत.

तर मला करार नको, नुकसानभरपाई नको, दिलगिरी नको. तिने तुम्हाला जे विचारलं तेच मी विचारतो, आणि या वेळी फोन उचलू नका. ती माती कोणत्या उंचीची? बोला. ज्या मातीच्या जोरावर तुम्ही माझ्या बहिणीला दोषी ठरवलंत, ती या डोंगरावर नेमकी कुठे आहे, साहेब?